सच्छिद्र धातूला चंदनाचे बोट

तंजावरला जाणारा मराठी माणूस मोठे देऊळ पाहतो, राजवाडा पाहतो, देवळाच्या भिंतीवरच्या मराठी शिलालेखापुढे उभा राहून दोन ओळी मोठ्याने वाचतो आणि संध्याकाळच्या बसने निघतो. माझाही बेत तसाच होता. सोलापूरच्या आमच्या दैनिकाच्या दिवाळी अंकासाठी तिथल्या मराठी घराण्यांवर लेख हवा होता. त्याला तीन दिवस पुरे होते. पाच लागले. जास्तीचे दोन दिवस बोटाच्या पेराएवढ्या एका धातूच्या तुकड्याने घेतले. दिवाळी अंकात त्याला जागा मिळाली नाही, म्हणून तो इथे.

मेल वीथी

नव्वदचे दशक मध्यावर आले होते. तंजावरच्या जुन्या बसस्थानकासमोर एसटीडी बूथची रांग लागली होती, आणि परदेशी शीतपेयाच्या कोऱ्या लाल छत्रीखाली एक बाई शांतपणे तांदळाच्या शेवयांचे इडिअप्पम विकत होती. नवरात्र चालू होते.

सोलापूरच्या एका अस्थितज्ज्ञाने मला मेल वीथीचा, म्हणजे तिथल्या पश्चिमेकडच्या मोठ्या रस्त्याचा, पत्ता दिला होता. अंबुजा राव, शहराबाहेरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात धातुशास्त्राच्या अध्यापिका, वय चौतीस. मराठी घर म्हणून मी गेलो होतो. डॉक्टरांना मात्र त्यांच्या कामाचे कुतूहल होते. कुठल्याशा परिषदेत त्यांनी बाईंचे भाषण ऐकले होते.

दार अंबुजांच्या आईंनी उघडले. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर विभूती. घरात त्यांना अम्मा म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो.

"बैसा. कॉफी घ्या, मग बोला."

हा ‘बैसा’ आपल्याकडे पोथीत उरला आहे. तंजावरात तो रोजच्या वापरात आहे, आणि त्याच्या शेपटीला तमिळ हेल आहे. मी सोलापूरहून शेंगाचटणी नेली होती. अम्मांनी चिमूटभर तळहातावर घेऊन चाखली.

"ही पोडी आहे," त्या म्हणाल्या. "चोखोट आहे. तेल विसरलात."

मग तिळाचे तेल घालून ती त्यांनी इडलीबरोबर वाढली. सोलापुरात हे कोणी केले असते तर घरात वाद झाला असता. चव चांगली होती, हे नोंदवणे भाग आहे.

कोपऱ्यात सात पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या. आपल्याकडे नवरात्रात घट बसतात, इथे बाहुल्या बसतात. अंबुजा आतून उकळत्या पाण्याचा पेला आणि एक सरळ तार घेऊन आल्या. तार पाण्यात सोडली. तिने एक झटका दिला आणि तिची स्प्रिंग झाली.

"निकेल आणि टायटॅनियम," त्या म्हणाल्या. "थंड असतां वाकवा, दाबा, काहीही करा. ऊन लागलं की आपला पहिला आकार आठवतो."

"पाहुण्याला हेंच दाखवते," अम्मा म्हणाल्या. "एकदां वराकडचे आले होते, त्यांनाही हेंच दाखवलं."

"तार त्यांना आवडली होती, अम्मा."

"तार आवडली," अम्मांनी कबूल केले.

बेकरीचा अमोनिया

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला नळीच्या आकाराची भट्टी, मधे दाबयंत्र, खिडकीजवळ काचेच्या पेटीतला तराजू. प्रयोगशाळा साहाय्यक मुरुगेसन पंचावन्नचे असतील. पांढरा सदरा, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचे धोतर, कानामागे पेन्सिल. महाविद्यालयात येण्यापूर्वी वीस वर्षे ते पापनाशमच्या एका भाताच्या गिरणीत यंत्रे सांभाळत होते. ते मला ‘सार’ म्हणत आणि अंबुजांना ‘मॅडम’. अंबुजा त्यांना ‘अण्णे’ म्हणत. दोघांचे बोलणे तमिळमध्ये चाले आणि अंबुजा मला मराठीत सांगत.

त्यांना घडवायची होती ती तार नव्हे, त्याच धातूचा फेस. हाडाचा तुकडा गेला की तिथे भरीव धातू बसवतात, पण भरीव धातू हाडापेक्षा फार ताठ असतो. सगळा भार तो एकटाच घेतो आणि शेजारचे हाड झिजते. धातूत भोके असली तर तो हाडासारखा दबतो, आणि भोकांतून नवे हाड आत वाढू शकते. त्यात आकार आठवणारा धातू असेल तर दबून पुन्हा सावरेल.

भोके पाडण्याची रीत स्वयंपाकघराला जवळची निघाली. निकेलची आणि टायटॅनियमची भुकटी मोजून घ्यायची. तिच्यात अमोनियाचे खडे मिसळायचे. बिस्किटे फुगवायला बेकरीवाले वापरतात तेच हे खडे. अंबुजा ते बसस्थानकामागच्या एका बेकरीतून आणत. मिश्रण पोलादी साच्यात दाबून वडी करायची. वडी हळूहळू तापवली की अमोनिया उडून जातो आणि त्याच्या जागी पोकळी राहते. मग आर्गॉन वायूत, हजार अंशांच्या आसपास, कित्येक तास भाजायची.

"वास कसा आहे?" मी विचारले. तीन वड्या भट्टीत गेल्या होत्या.

"पाच मिनिटं थांबा," अंबुजा म्हणाल्या.

तीन मिनिटांनी मी व्हरांड्यात होतो, डोळे पुसत. मुरुगेसन आतून दार लोटून घेताना काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?"

"बिस्किट खाणाऱ्यानं बेकरीत जाऊं नये, म्हणतात."

आदल्या महिन्यातली एक तयार वडी त्यांनी मला दाखवली. राखाडी, हलकी, अनारशासारखी जाळी पडलेली. ती दाबताना तडकली होती. त्याआधीच्या बऱ्याचशा तडकल्या होत्या, किंवा दबल्या त्या परत आल्या नव्हत्या.

इथे त्यांची अडचण सांगितली पाहिजे. प्रबंधाला चार वर्षे झाली होती आणि दोनदा मुदत वाढवून झाली होती. मद्रासच्या मार्गदर्शकांनी शेवटचे सांगितले होते: दाबल्यावर वडीची उंची जेवढी कमी होईल, तिच्या बारा आणे तरी ऊन दिल्यावर परत आली पाहिजे. आली तर विषय चालू. नाही तर साध्या पोलादाच्या जोडकामाचा विषय घ्यायचा आणि भट्टी दुसऱ्या प्रकल्पाला द्यायची. चाचणीचे यंत्र तिरुचीला होते आणि त्यावर एकच दिवस मिळाला होता, विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशीचा. पुढचे अनेक महिने यंत्र इतरांसाठी बांधलेले होते.

"जोडकाम वाईट आहे का?" मी विचारले.

"वाईट नाही. माझं नाही," त्या म्हणाल्या आणि भट्टीचा आकडा पाहायला गेल्या.

तिरुवैयारु

भट्टी दिवसभर चालणार होती आणि मी पायात घुटमळत होतो. दुपारपर्यंत अंबुजांनी तिच्यापाशी बसायचे आणि मुरुगेसननी मला आपल्या गावी फिरवून आणायचे, असे ठरले.

तिरुवैयारु तंजावरपासून जवळ आहे. वाटेत कालवे लागतात, एकामागून एक, आणि प्रत्येक पुलावर मुरुगेसन आपली मोपेड हळू करून पाण्याचे नाव सांगत. पूल वेगळा, नाव वेगळे. सोलापूरच्या माणसाला एवढे पाणी पाहिले की थोडा संशय येतो. भात गुडघाभर उभा होता. बगळे मोपेडला घाबरत नव्हते.

आमची भाषा म्हणजे माझे तुटके इंग्रजी, त्यांचे तुटके इंग्रजी आणि हात. कावेरीच्या पायऱ्यांवर बसून आम्ही ‘अशोका’ नावाचा गोड पदार्थ खाल्ला. मूगडाळीचा शिरा म्हणता येईल, पण तूप शिऱ्याच्या तिप्पट. पानावरून बोटाने उचलावा लागतो आणि बोट दिवसभर चकाकते. मागच्या घरात कोणी मुलींना गाणे शिकवत होते. एकच ओळ, पुन्हा पुन्हा, एकाच जागी चूक.

"गिरणीत आयुधपूजा मोठी," मुरुगेसन म्हणाले. "पट्टा, मोटर, चाळणी, खिळा. सगळ्याला चंदन. एक वर्ष मालकाने चाळणी सोडली. चाळणी फाटली."

"कॉलेजमध्ये?"

"कॉलेजमध्ये मी बघतो," ते म्हणाले.

आयुधपूजा

नवमीला सकाळी भट्टी निवली आणि तीन वड्या बाहेर आल्या. तिन्ही अखंड होत्या. अंबुजांनी प्रत्येकीचे वजन केले, वहीत लिहिले आणि तिन्ही टीपकागदावर ठेवून काचेच्या बशीत मांडल्या. बशी तराजूशेजारी ठेवली. मग त्या मद्रासला फोन करायला बूथवर गेल्या. मी बरोबर गेलो. लाइन मिळायला पाऊण तास लागला.

आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रे, अवजारे पुजतात. इथली पद्धत त्याच घराण्यातली, पण अधिक कडक. दुपारी पूजा झाली की पुस्तक उघडायचे नाही, हत्याराला हात लावायचा नाही. दशमीला सकाळी पुन्हा पूजा करून मगच काम सुरू करायचे.

आम्ही परतलो तेव्हा खोलीत कापूर दरवळत होता. मुरुगेसन, दोन कारकून, शेजारच्या विभागाचे चार लोक हात जोडून उभे होते. भट्टीला झेंडूची माळ होती. दाबयंत्र, पंप, आर्गॉनची टाकी, स्क्रू गेज, महाविद्यालयापुरताच चालणारा टेलिफोन, पंख्याचे बटण, सगळ्यांवर चंदनाचे ठिपके आणि त्यांत कुंकू. चुरमुरे, डाळे आणि गुळाच्या पुड्या वाटल्या जात होत्या. अंबुजांनी पुडी घेतली, नमस्कार केला आणि त्यांची नजर बशीवर गेली.

तिन्ही वड्यांवर चंदनाचे एकेक बोट होते आणि मधोमध कुंकू. म्हणजे, होते. सच्छिद्र धातूने ओले चंदन पिऊन टाकले होते. वर फक्त पिवळट डाग उरला होता आणि खालच्या टीपकागदावर त्याच रंगाचे कडे उमटले होते.

अंबुजांनी हात पुढे केला.

"मॅडम," मुरुगेसन म्हणाले. आवाज चढला नव्हता. "पूजा झाली आहे."

"अण्णे, वड्यांना कशाला लावलंत?"

"उद्या-परवा काम कोण करणार? मशीन करणार, आणि ह्या करणार. काम करतं ते आयुध."

"पाण्यात कालवून लावलंत?"

"चंदन कोरडं कसं लावणार?"

यावर शेजारच्या विभागातले कोणी हसले आणि लगेच गप्प झाले. अंबुजांचा हात बशीपासून वीतभर अंतरावर होता. चंदन आत वाळले तर भोके बुजणार, बुजलेली वडी दाबताना जास्त ताठ वाटणार, आणि मिळालेला आकडा धातूचा नसून चंदनाचा असणार. आत्ता, ओले असताना धुतले तर बहुतेक निघून गेले असते. हे सगळे त्यांनी मला नंतर सांगितले. त्या वेळी त्यांनी हात मागे घेतला, पदराला पुसला आणि मला म्हणाल्या, "आज होणा. उद्यां." तिथल्या मराठीत ‘होणा’ म्हणजे ‘नको’.

खोलीला कुलूप लागले. घरी जाताना मी विचारले, की एवढे माहीत असताना हात का नाही लावला.

"चार वर्षं ती भट्टी ते राखतात," त्या म्हणाल्या. "पहाटेचा आकडा ते लिहितात, मी झोपलेली असते. मी त्यांची पूजा मोडली तर ते येतील, कामही करतील. पण पहाटेचा आकडा तसा येणार नाही."

अम्मांनी ऐकून घेतले आणि सुंडलाची, म्हणजे हरभऱ्याच्या उसळीची, वाटी पुढे केली. "देवाला लावलेलं उतरवायलां देवच वाट देतो."

"देव नाही देत, अम्मा. स्पिरिट देतं."

"स्पिरिट तरी कुणीं दिलं?"

सोनाराकडे

दशमीला सकाळी पुन्हा कापूर लागला. प्रत्येकाने आपापले थोडे काम करायचे अशी रीत. कारकुनांनी एकेक ओळ लिहिली. मुरुगेसननी दाबयंत्र रिकामेच एकदा चालवले. मीही वहीत तारीख टाकली, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते.

मग अंबुजांनी वड्या उचलून भिंगाखाली धरल्या. कुंकू वर लावले होते, आणि त्याचा बारीक लाल ठिपका एका वडीच्या तळाशी निघाला होता.

"वरून खाली वाट आहे," त्या म्हणाल्या. वर्षभर त्यांना हेच दाखवायचे होते, की भोके एकमेकांना जोडलेली आहेत. त्यांनी ते वहीत लिहिले. मुरुगेसन खांद्यावरून पाहत होते. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून पुन्हा ठेवली.

साध्या पाण्याने चंदन सुटेना. बारीक भोकांतून पाणी हलवायला हवे होते, आणि पाणी हलवणारे यंत्र महाविद्यालयाकडे नव्हते.

"मुलामा देणाऱ्या गोल्ड कव्हरिंगवाल्याच्या शेजारी," मुरुगेसन म्हणाले. "सोनार. त्याने फॉरिनचं मशीन घेतलं आहे. दागिना पाण्यात ठेवतो, मशीन गुणगुणतं, मळ निघतो."

दशमी असल्याने दुकान सजवून उघडे होते. मशीन गल्ल्याशेजारी, डब्याएवढे, त्यालाही चंदन आणि माळ. सोनार जाडजूड, हसतमुख गृहस्थ. त्यांनी वडी चिमट्यात धरून उजेडात फिरवली.

"हे काय?"

"धातू," अंबुजा म्हणाल्या.

"धातू कुठे आहे? भोकंच दिसतात. सोन्यात एवढी भोकं मी केली असती तर गिऱ्हाइकाने मला पायऱ्यांवरून लोटलं असतं." मग मुरुगेसनकडे वळून: "आणि चंदन कोणी भरलं आत?"

मुरुगेसन दुकानातल्या घड्याळाकडे पाहू लागले.

"पूजेचं आहे," अंबुजा म्हणाल्या.

"मग बरोबर," सोनार म्हणाले आणि बटण दाबले.

मशीन गुणगुणले. साबणाचे पाणी पिवळे झाले. बदलले, पुन्हा पिवळे, पुन्हा बदलले. दीड तासात पाणी स्वच्छ राहू लागले. मात्र तिसऱ्या वडीची कड सुटून पाण्यात बसली. ती बाद.

उरलेल्या दोन वड्या स्पिरिटमध्ये धुऊन, भट्टीच्या कमी आचेवर वाळवून अंबुजांनी तराजूवर ठेवल्या. नवमीच्या सकाळचे वजन वहीत होते. पहिली वडी दोन मिलिग्रॅमने जड भरली, म्हणजे तेवढे चंदन आत उरले होते. दुसरी नेमकी नवमीच्या वजनाएवढी.

"दोन मिलिग्रॅम म्हणजे काय?" मी म्हणालो. "कोणाला कळणार?"

अंबुजांनी माझ्याकडे पाहिले. वर्तमानपत्रातल्या माणसाने हे विचारावे, याचे त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले. पहिल्या वडीपुढे त्यांनी लिहिले: यंत्र जुळवण्यापुरती. चार वर्षांच्या कामाला आता एक वडी उरली होती.

तिरुची

तिरुचीची बस सकाळची. मुरुगेसन स्वतःहून आले. वडी त्यांनी पावडरच्या रिकाम्या डब्यात, कापसात ठेवून मांडीवर धरली होती. वाटेत वल्लम लागले. मग अंबुजांनी त्यांना विचारले, की पुढच्या वर्षी वड्यांना काय लावणार.

"फूल," मुरुगेसन म्हणाले. "शेजारी. लांब."

यंत्र दोन खांबांचे होते, उंच, थंड खोलीत. ते चालवणारे गृहस्थ सडपातळ, घाईत असलेले. त्यांना दुपारी दुसरे काम होते. जड वडी आधी लावली. यंत्र जुळवता जुळवता ती बारीक आवाज करून तडकली. अंबुजांनी तुकडे वेचून पाकिटात ठेवले आणि दुसरी वडी स्क्रू गेजमध्ये धरली. वीस पूर्णांक दहा मिलिमीटर. चालकांनीही तेच वाचले.

यंत्र वरून उतरू लागले, डोळ्याला न दिसणाऱ्या वेगाने. कागदावर पेन रेघ ओढत होते. रेघ चढली, वाकली, आडवी झाली. वडी तडकण्याचा आवाज आला नाही. ठरलेल्या जागी यंत्र थांबले आणि मागे सरले. वडी काढून मोजली. एकोणीस पूर्णांक तीस. ऐंशी शतांश गेले होते. बारा आणे म्हणजे साठ. एकोणीस पूर्णांक नव्वदच्या खाली आकडा आला, तर पोलादाचे जोडकाम.

चालकांच्या किटलीत पाणी उकळत होते. अंबुजांनी ते भांड्यात ओतले आणि वडी चिमट्याने त्यात सोडली. तारेसारखा झटका वगैरे काही झाला नाही. वडी भांड्याच्या तळाशी पडून राहिली आणि तिच्यातून बारीक बुडबुडे निघत राहिले. पाच मिनिटे ठेवायची असे ठरले होते. चालकांनी दोनदा घड्याळ पाहिले. मुरुगेसननी एकदाही पाहिले नाही. ते भांड्याकडे पाहत होते.

वडी काढली, पुसली, निवू दिली. अंबुजांनी स्क्रू गेज फिरवले, उजेडाकडे वळल्या, वाचले, आणि आकडा न सांगता गेज चालकांच्या हाती दिले.

"एकोणीस पंच्याण्णव," चालक म्हणाले. "छान आहे. लिहून टाका."

"मला चौऱ्याण्णव आला," अंबुजा म्हणाल्या. "अण्णे, तुम्ही वाचा."

मुरुगेसननी हात वेष्टीला पुसले. कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. गेज फिरवले, सोडले, वडी पालथी करून पुन्हा फिरवले.

"ब्याण्णव, मॅडम."

चालक हसले. "ह्यांचा हात घट्ट आहे. गिरणीत होते वाटतं."

"ब्याण्णव," मुरुगेसन म्हणाले. "दोन्ही बाजूंनी."

अंबुजांनी वही उघडली. वर्षभराच्या ओळींखाली नवी ओळ सुरू केली, आणि एकोणीस पूर्णांक ब्याण्णव लिहिले.